एरर पेजच्या सहा ओळी : भाष्य

एंजिनएक्स हा वेब सर्व्हर इगोर सिसोएव यांनी लिहिला. ४ ऑक्टोबर २००४ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या अधिकृत पॅकेजबरोबर एक नमुना कॉन्फिगरेशन फाइल येते आणि तिच्यात एरर पेजसंबंधी सहा ओळी असतात. रत्नागिरीतली शाळा असो, पतसंस्था असो की हापूसचा बागायतदार, ज्याची वेबसाइट या पॅकेजमधून बसवलेल्या सर्व्हरवर असते त्याच्या पदरात या ओळी आपोआप पडतात. बहुतेक जण त्या न वाचता तशाच ठेवतात. आपण त्या एकेक करून वाचू.

सहा ओळींना एवढे भाष्य कशाला, असे विचारशील. पाठ जितका आखूड, तितका त्यात न लिहिलेला अर्थ जास्त, हे त्याचे उत्तर. ही वाचनाची रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी गीतारहस्याच्या आरंभीच ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्याच्या मीमांसकांच्या, म्हणजे वाक्यार्थाचे शास्त्र रचणाऱ्यांच्या, कसोट्या मांडल्या. चिपळूणजवळच्या परशुरामचे भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात वाक्यार्थाचे तेच नियम सविस्तर उलगडले. विधी कोणता, अर्थवाद कोणता, सामान्य नियम कुठे थांबतो आणि विशेष कुठे सुरू होतो, हे प्रश्न कॉन्फिगरेशनच्या फाइललाही विचारावे लागतात. फाइल पाळणारा इथे यंत्र आहे. ते तुझा हेतू ओळखत नाही, लिहिले तेवढेच करते. म्हणून अर्थ आपणच नीट लावायचा.

मूळ पाठ

१. # एरर_पेज ४०४ /४०४.एचटीएमएल;
२. # रीडायरेक्ट सर्व्हर एरर पेजेस टू द स्टॅटिक पेज /५०एक्स.एचटीएमएल
३. एरर_पेज ५०० ५०२ ५०३ ५०४ /५०एक्स.एचटीएमएल;
४. लोकेशन = /५०एक्स.एचटीएमएल {
५. रूट /यूएसआर/शेअर/एंजिनएक्स/एचटीएमएल;
६. }

लेखनाविषयी दोन सूचना. मूळ फाइलमध्ये अक्षरे रोमन आहेत. इथे वाचण्यासाठी ती देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये कोडच्या जागी देवनागरी अंक लिहिलेस तर सर्व्हर ते अवैध मूल्य म्हणून नाकारेल. दुसरी सूचना, मधली रिकामी ओळ आणि एकटे # चिन्ह मी वगळले आहे. त्यांच्यामुळे अर्थ बदलत नाही.

पाठभेद एकच नोंदवण्याजोगा आहे. सोर्स कोडच्या गठ्ठ्यातल्या फाइलमध्ये पाचवी ओळ फक्त ‘रूट एचटीएमएल’ अशी आहे. याचा अर्थ, तिथे पत्ता सापेक्ष आहे आणि तो सर्व्हर जिथे बसवला त्या फोल्डरपासून मोजायचा. पॅकेजच्या पाठात पत्ता पूर्ण दिला आहे. दोन्हींचा हेतू एकच. तुझ्या सर्व्हरवर कोणता पाठ आहे ते आधी पाहा, मग पुढे वाच.

पहिली ओळ

ओळीच्या आरंभी # आहे. म्हणजे ही ओळ सर्व्हरसाठी नाहीच. तो ती वाचून सोडून देतो. तिच्यात निर्देशाचे रूप आहे, पण विधीचे बळ नाही.

मग ती ठेवली का? दोन अर्थ संभवतात. एक असा, की ४०४ साठी सर्व्हरचे अंगचे पान पुरेसे आहे असे कर्त्यांना वाटले आणि ओळ केवळ नमुन्यादाखल राहिली. दुसरा असा, की हे पान तुम्ही करायचे आहे; केलेत की # काढा. निर्णय कसा करायचा? पॅकेजबरोबर येणारे एचटीएमएल फोल्डर उघडून बघ. त्यात मुखपृष्ठाची फाइल आहे आणि ५०एक्स आहे. ४०४ ची फाइल नाही. म्हणजे ज्या ओळीचे पान दिले आहे ती ओळ चालू आहे. ज्या ओळीचे पान दिलेले नाही ती मूक आहे. यावरून दुसरा अर्थ ग्राह्य. ही ओळ म्हणजे तुझ्यावर सोपवलेले काम आहे.

‘४०४’ म्हणजे काय? सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या पहिल्याच ओळीत तीन अंकी कोड पाठवतो. वाचकाला तो सहसा दिसत नाही, पण ब्राउझर, सर्च इंजिने आणि इतर प्रोग्रॅम तोच वाचतात. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे मागणीत काही चूक आहे. ५ ने सुरू होणारा म्हणजे मागणी ठीक असूनही सर्व्हरला ती पुरवता आली नाही. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही सापडले नाही. पुढे सापडेल की नाही, याबद्दल हा कोड काहीच सांगत नाही. पान कायमचे काढले आहे असे ठामपणे सांगायचे असेल तर त्यासाठी ४१० हा वेगळा कोड आहे. हे अर्थ सध्या जून २०२२ च्या आरएफसी ९११० या मानकात निश्चित केलेले आहेत.

यातून एक गोष्ट लक्षात घे. एरर पेजला दोन वाचक असतात. कोड यंत्र वाचते, मजकूर माणूस वाचतो. दोघांना एकच खरी गोष्ट कळली पाहिजे. पुढच्या पाचही ओळी याच कसोटीवर लावायच्या आहेत.

हे पान मराठी वाचकासाठी करताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, अक्षरसंच. एंजिनएक्स आपणहून अक्षरसंच जाहीर करत नाही. त्याचा ‘चारसेट’ निर्देश मुळात बंद असतो. म्हणून यूटीएफ-८ ची घोषणा पानातच हवी, तीही पहिल्या १०२४ बाइटच्या आत. ती नसेल तर ‘पान सापडले नाही’ याऐवजी वाचकाला अक्षरांचा कचरा दिसू शकतो. दुसरी, भाषेची खूण. पानाच्या मुख्य टॅगवर मराठीची खूण असली म्हणजे दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर ते मराठी म्हणून वाचू शकतो. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एरर पेज दाखवताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता बदलत नाही. वाचकाने ‘/प्रवेश/अकरावी/यादी’ असा चुकीचा पत्ता टाकला असेल, तर पानातले ‘बोधचिन्ह.पीएनजी’ हे चित्र ब्राउझर ‘/प्रवेश/अकरावी/’ या फोल्डरात शोधतो. तिथे ते नसते. म्हणून एरर पेजमधला प्रत्येक दुवा तिरक्या रेघेने, म्हणजे साइटच्या मुळापासून सुरू व्हावा.

सरकारी कार्यालयाची साइट असेल तर जबाबदारी आणखी वाढते. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसीने) २००९ मध्ये तयार केली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. तुटके दुवे राहू नयेत यासाठी कार्यालयाकडे व्यवस्था असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. याचा अर्थ, ४०४ चे पान छान केले म्हणून काम संपत नाही. ते पान कुणाला का दिसले, हे लॉगमध्ये बघून मूळ दुवा दुरुस्त करणेही त्याच कामात येते.

दुसरी ओळ

हीही # ने सुरू होते, पण पहिलीसारखी नाही. पहिली ओळ # काढला की विधी होते. हिचा # काढला तर सर्व्हर ‘अनोळखी निर्देश’ म्हणून थांबेल. म्हणजे हा शुद्ध अर्थवाद आहे. ही ओळ स्वतः काही करायला सांगत नाही, पुढच्या विधीचा हेतू सांगते.

हेतू असा सांगितला आहे : सर्व्हरच्या चुकांची पाने ५०एक्स या स्थिर पानाकडे वळवा. ‘वळवा’ हा शब्द इथे जपून घ्यावा. एक वळवणे ब्राउझरकडून होते. सर्व्हर त्याला नवा पत्ता देतो आणि तो पुन्हा मागणी करतो. दुसरे सर्व्हरच्या पोटात होते; ब्राउझरला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे दुसरे अभिप्रेत आहे. कशावरून? तिसऱ्या ओळीतला पत्ता तिरक्या रेघेने सुरू होतो, ‘एचटीटीपी’ ने नव्हे. ‘एचटीटीपी’ ने सुरू होणारा पूर्ण पत्ता असता, तर सर्व्हरने ब्राउझरला ३०२ पाठवले असते आणि मूळ कोड तिथेच संपला असता.

‘स्थिर’ हे विशेषणही महत्त्वाचे आहे. स्थिर म्हणजे डिस्कवर तयार असलेली फाइल, मागणी आल्यावर प्रोग्रॅमने रचलेली नव्हे. जो प्रोग्रॅम बंद पडला आहे त्यालाच आपण बंद पडल्याचे पान करायला सांगता येत नाही.

तिसरी ओळ

सहा ओळींचे सगळे बळ इथे आहे. म्हणून पदापदाने पाहू.

‘एरर_पेज’ हे निर्देशाचे नाव. हा निर्देश सगळ्या सर्व्हरसाठी, एका साइटसाठी किंवा एका लोकेशनसाठी, म्हणजे साइटमधल्या ठरावीक पत्त्यासाठी, लिहिता येतो. आतल्या पातळीला बाहेरचा निर्देश लागू होतो, पण एका अटीवर : आतल्या पातळीवर एकही एरर_पेज नसेल तरच.

ही अट नीट समजून घे, कारण इथे मीमांसेचा ओळखीचा नियम जसाच्या तसा लागत नाही. आपल्याकडे अपवाद उत्सर्गाला, म्हणजे सामान्य नियमाला, बाधतो, पण आपल्या विषयापुरताच. बाकी विषयांत सामान्य नियम चालूच राहतो. इथे तसे नाही. साइटच्या पातळीवर ४०४ चे पान आणि ५०० ते ५०४ चे पान दोन्ही सांगितली आहेत, आणि ‘/प्रवेश’ या लोकेशनमध्ये तू फक्त ४०४ साठी वेगळे पान लिहिलेस असे समज. तुला वाटेल ४०४ तेवढा बदलला. प्रत्यक्षात त्या लोकेशनमध्ये ५०० ते ५०४ चे निर्देशही लोप पावतात. याचा अर्थ, आत एक ओळ लिहिलीस की बाहेरच्या सगळ्या पुन्हा लिहायच्या. कॉन्फिगरेशनची चाचणी ही चूक दाखवणार नाही, कारण भाषेच्या नियमाने ती चूकच नाही.

‘५०० ५०२ ५०३ ५०४’. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी अनपेक्षित बिघडले. ५०२ म्हणजे मागच्या प्रोग्रॅमने, ज्याच्याकडे सर्व्हर मागणी पुढे पाठवतो त्याने, जोडणी नाकारली किंवा न समजणारे उत्तर दिले. ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. ५०४ म्हणजे मागच्या प्रोग्रॅमची वाट पाहून वेळ संपली. एंजिनएक्समध्ये ही मुदत मुळात ६० सेकंद असते.

५०१ आणि ५०५ का नाहीत? संख्या ओळीने घ्यायच्या असत्या तर ५०१ सुटला नसता. म्हणजे निवड विचारपूर्वक आहे असे धरावे. ५०१ म्हणजे मागितलेले काम हा सर्व्हर करतच नाही. ५०५ म्हणजे प्रोटोकॉलची ही आवृत्ती तो मानत नाही. या दोन्हींत थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करून काही निष्पन्न होत नाही. उरलेल्या चारांत होऊ शकते. आता पॅकेजमधले ५०एक्स पान वाच. त्यात इंग्रजीत दिलगिरी आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा असे सांगितले आहे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला एरर लॉग पाहायला सांगितले आहे. हा मजकूर चार कोडांना लागू पडतो, ५०१ आणि ५०५ ला पडत नाही. माझ्या मते या निवडीचे कारण हेच. मजकूर आणि कोड यांची संगती आधी पाहावी आणि मगच कोड यादीत घालावा.

या ओळीच्या आवाक्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पीएचपी किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःच ५०० पाठवला तर आपले पान दिसेल, असे वाटते. दिसत नाही. मागून आलेले उत्तर एंजिनएक्स जसेच्या तसे पुढे देतो, कारण ‘प्रॉक्सी_इंटरसेप्ट_एरर्स’ आणि ‘फास्टसीजीआय_इंटरसेप्ट_एरर्स’ हे निर्देश मुळात बंद असतात. म्हणजे तिसरी ओळ एंजिनएक्सने स्वतः जाहीर केलेल्या चुकांपुरती बोलते. मागच्या प्रोग्रॅमच्या चुकाही तिच्या कक्षेत आणायच्या तर तो निर्देश तुला चालू करावा लागतो.

‘/५०एक्स.एचटीएमएल’. हा फाइलचा पत्ता नव्हे, साइटवरचा पत्ता आहे. सर्व्हर आतल्या आत या पत्त्याची नवी मागणी करतो आणि ती नेहमी ‘गेट’ पद्धतीची असते. अपवाद फक्त ‘हेड’ चा. याचा अर्थ, एखाद्या पालकाने प्रवेश अर्ज भरून ‘पोस्ट’ केला आणि सर्व्हर अडला, तर एरर पेजला त्या अर्जातले काही मिळत नाही. ‘तुमचा अर्ज नोंदला गेला’ असे त्या पानावर लिहिणे खोटे ठरेल. ‘अर्ज पोहोचला की नाही हे सांगता येत नाही, कृपया खात्री करून घ्या’ एवढेच लिहिता येईल.

आता जे लिहिलेले नाही ते. कोड आणि पत्ता यांच्या मध्ये इथे ‘=’ नाही. तो लिहिता येतो : ‘=२००’ लिहिले तर पान एररचे दाखवले जाते, पण कोड मात्र सर्व काही ठीक असल्याचा जातो. इथे तो नसण्यातच कर्त्यांचा निर्णय आहे. माणसाला दिलगिरी सांगताना यंत्राला खोटे सांगू नये. सर्च इंजिनाला २०० मिळाला तर ते दिलगिरीचे पानच खरे पान म्हणून नोंदून ठेवते.

५०३ चे मोल आपल्याकडे निकालाच्या दिवशी कळते. दहावी-बारावीच्या राज्य मंडळाचे कोकण विभागीय कार्यालय रत्नागिरीतच आहे. अलीकडच्या वर्षांत निकाल बहुतेकदा दुपारी १ वाजता ऑनलाइन खुला होतो. त्या दिवशी जी शाळा आपली गुणवंतांची यादी आपल्या साइटवर टाकते, तिच्यावरही गर्दी होते. प्रोग्रॅमला भार पेलला नाही तर विद्यार्थ्याला काय सांगायचे? पान आहे, आत्ता देता येत नाही, थोड्या वेळाने या. हे ५०३ चे म्हणणे आहे. २०० म्हणजे यादी मिळाली. ४०४ म्हणजे यादी नाहीच. निकाल शोधणाऱ्या मुलाला या तिन्हींतला फरक चांगला कळतो.

शेवटी अर्धविराम. तो वाक्याचा शेवट आहे. तो विसरला तर काय होते, ते परीक्षेच्या भागात पाहू.

चौथी ओळ

‘लोकेशन’ म्हणजे एका पत्त्यासाठी वेगळे नियम. त्यापुढचा ‘=’ आणि तिसऱ्या ओळीत येऊ शकणारा ‘=’ यांचा संबंध नाही. तिथे तो कोड बदलतो. इथे तो म्हणतो, पत्ता अक्षरशः एवढाच असेल तरच, आणि जुळला तर पुढे शोधू नको.

पत्ता तिसऱ्या ओळीत आलाच आहे. मग त्याच्यासाठी वेगळे लोकेशन का? हा प्रश्न या पाठाचा गाभा आहे. ओळी ४ ते ६ काढून टाक आणि काय होते ते बघ. साइटचे बाकी सगळे पत्ते ‘लोकेशन /’ मधून मागच्या प्रोग्रॅमकडे जात असतील. प्रोग्रॅम बंद आहे, ५०२ आला. सर्व्हर ५०एक्स ची आतली मागणी करतो. ती ‘लोकेशन /’ ला जुळते आणि त्याच बंद प्रोग्रॅमकडे जाते. पुन्हा ५०२. वाचकाला अखेर सर्व्हरचे अंगचे इंग्रजी पानच दिसते; तू केलेले पान कधीच नाही. म्हणजे हे लोकेशन एरर पेजला बिघाडाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी आहे.

‘इंटरनल’ हा निर्देश इथे नाही. तो असता तर बाहेरून थेट ५०एक्स चा पत्ता टाकणाऱ्याला ४०४ मिळाला असता. तो नसल्यामुळे थेट मागणीला पान आणि २०० मिळतो. हा दोष मानावा का? एक पक्ष म्हणतो, दोष आहे. बिघाड नसताना बिघाडाचे पान २०० सह मिळू नये. दुसरा पक्ष म्हणतो, पान कसे दिसते हे थेट पाहता येणे सोयीचे आहे. मला पहिला पक्ष बळकट वाटतो. चाचणीपुरते मोकळे ठेवावे, खऱ्या साइटवर ‘इंटरनल’ घालावे.

पाचवी ओळ

‘रूट’ म्हणजे फाइलचा पत्ता नव्हे. पत्त्याचा सुरुवातीचा भाग. साइटवरचा पत्ता त्याला मागून जोडला जातो. म्हणजे खरी फाइल ‘/यूएसआर/शेअर/एंजिनएक्स/एचटीएमएल/५०एक्स.एचटीएमएल’ ही. रूटमध्ये फाइलचे नावही लिहिलेस तर सर्व्हर त्या नावाच्या फोल्डरात फाइल शोधेल.

या फोल्डरात एक धोका आहे. ते पॅकेजच्या मालकीचे आहे. तुझे मराठी पान तिथल्याच फाइलवर लिहिलेस तर सर्व्हरची आवृत्ती बदलताना ते पुसले जाऊ शकते. म्हणून आपले पान आपल्या फोल्डरात ठेवावे आणि ही ओळ त्याप्रमाणे बदलावी.

ओळ बदललीस पण फाइल ठेवायची राहिली, तर? नियम असा आहे की एरर पेजची मागणी करताना नवी चूक झाली, तर शेवटच्या चुकीचा कोड वाचकाकडे जातो. मूळ चूक ५०३. फाइल नाही, म्हणून नवी चूक ४०४. वाचकाला ४०४ मिळतो. म्हणजे ‘तूर्त बंद’ चे ‘अस्तित्वातच नाही’ झाले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तशा दिवशी एखाद्या संस्थेच्या मदतकेंद्राचे पान भाराखाली अडले असे धर. ५०३ मिळालेला माणूस पुन्हा प्रयत्न करतो. ४०४ मिळालेला समजतो की असे केंद्रच नाही. डिस्कवर एक फाइल नसल्याने एवढा अर्थ बदलतो.

सहावी ओळ

महिरपी कंस बंद. सांगण्यासारखे एवढेच की कंस जुळले नाहीत तर सर्व्हर फाइल स्वीकारत नाही. कंसाच्या आधी, लोकेशनच्या आतच, ‘रीट्राय-आफ्टर’ हा हेडर घालता येतो. किती सेकंदांनी परत यावे हे तो यंत्राला सांगतो. पण ‘अ‍ॅड_हेडर’ निर्देश मुळात यशाच्या आणि वळवण्याच्या ठरावीक कोडांनाच लागतो. ५०३ बरोबर हेडर जावा असे वाटत असेल तर ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लिहावे लागते. ते विसरले तर चूक कुठेच दिसत नाही, हेडर फक्त जात नाही.

परीक्षा

पाठ बदलला की तो सर्व्हरला देण्याआधी तपासायचा. आज्ञा आहे ‘एंजिनएक्स -टी’. ती मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने द्यावी. नाहीतर लॉगच्या फाइली उघडता येत नाहीत आणि निष्कर्ष भलताच निघतो. सगळे नीट असेल तर उत्तर दोन ओळींचे येते. पहिली : फाइलची वाक्यरचना ठीक आहे. दुसरी : फाइलची चाचणी यशस्वी झाली.

दोन ओळी का, एक का नाही? कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिली व्याकरणाबद्दल आहे. दुसरी असे सांगते की लॉगसारख्या ज्या फाइली सर्व्हरला सुरू होताना उघडाव्या लागतात, त्याही उघडल्या. म्हणून पहिली ओळ आली आणि दुसरीच्या जागी अपयश आले, असेही घडते. लॉगचे फोल्डर नसेल तर नेमके हेच होते. पहिली ओळ पाहून समाधान मानणाऱ्याने अर्धेच उत्तर वाचले.

चूक सांगणारा संदेश कसा वाचावा, हे एका उदाहरणाने पाहू. तिसऱ्या ओळीचा अर्धविराम विसरलास. सर्व्हर वाचत पुढे जातो, ‘लोकेशन’ आणि ‘=’ हेही एरर_पेजचेच शब्द समजतो, आणि चौथ्या ओळीतल्या कंसापाशी अडतो. तो सांगतो, एरर_पेज अर्धविरामाने संपलेला नाही. पण ओळीचा क्रमांक देतो तो कंस असलेल्या ओळीचा. म्हणजे क्रमांक चूक कळलेल्या जागेचा आहे, चूक झालेल्या जागेचा नव्हे. सांगितलेल्या ओळीत काही सापडले नाही तर तिच्या वरची ओळ बघ.

आता चाचणी काय पकडते आणि काय सोडते. ४०४ च्या जागी ४०४० लिहिलेस तर ती पकडते, कारण कोड ३०० ते ५९९ च्या दरम्यान हवा. ४४० लिहिलेस तर सोडते, कारण तो मर्यादेत बसतो. पानाची फाइल जागेवर आहे का, ती पाहत नाही. लोकेशनच्या आतल्या एका ओळीने बाहेरच्या ओळी लोपल्या, ती बोलत नाही. दोन साइटना एकच नाव दिलेस तर ती इशारा देते, त्यातली एक व्याख्या दुर्लक्षित केल्याचे सांगते, आणि तरीही चाचणी यशस्वी म्हणते. याचा अर्थ, इशारा आला तर यशाची ओळ दिसूनही थांबायचे. चाचणी वाक्य शुद्ध आहे की नाही ते पाहते. वाक्य खरे आहे की नाही ते तुला पाहावे लागते.

अपाची सर्व्हरवर नावे वेगळी आहेत, तत्त्व तेच. तिथला निर्देश ‘एररडॉक्युमेंट’. त्यालाही पूर्ण पत्ता दिला तर ब्राउझरला वळवले जाते आणि मूळ कोड हरवतो; ४०१ च्या बाबतीत तर ब्राउझर पासवर्ड विचारतच नाही. तिथे तपासण्याची आज्ञा ‘अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट’ आणि उत्तर ‘सिंटॅक्स ओके’. त्या उत्तराची मर्यादाही हीच.

चाचणी झाली की रीलोड करावे, रीस्टार्ट नव्हे. रीलोडमध्ये मुख्य प्रक्रिया आधी नवी फाइल तपासते, लॉग आणि पोर्ट उघडून पाहते, आणि अडले तर जुन्या कॉन्फिगरेशनवर काम चालू ठेवते. जमले तर नव्या कामकरी प्रक्रिया सुरू होतात आणि जुन्या हातातले काम पुरे करून थांबतात. रीस्टार्टमध्ये आधी सर्व्हर थांबतो. फाइल चुकीची असेल तर तो पुन्हा उठतच नाही, आणि मग एरर पेज दाखवायलाही कोणी उरत नाही.

तात्पर्य

मीमांसक आरंभ आणि शेवट जुळवून तात्पर्य ठरवतात. पाठाच्या आरंभी सापडत नसलेल्या पानाचा उल्लेख आहे, शेवटी बिघाडातही पोहोचणाऱ्या पानाची तरतूद आहे. मधल्या ओळींत कोड बदललेला नाही. यावरून तात्पर्य असे : काही चुकले तर वाचकाला ते कळावे, त्याच्या भाषेत कळावे, आणि यंत्राला तेच खरे कळावे.

हे साधले की नाही, ते तीन गोष्टींवरून ठरव. नसलेला पत्ता माग आणि ‘कर्ल -आय’ ने कोड पाहा; तो ४०४ च असला पाहिजे. चाचणीच्या मशीनवर मागचा प्रोग्रॅम बंद कर आणि साइट उघड. तुझे मराठी पान दिसले पाहिजे आणि कोड ५०२ राहिला पाहिजे. मग दोन-तीन फोल्डर आतला चुकीचा पत्ता टाकून चित्रे आणि दुवे शाबूत आहेत का ते बघ. तिन्ही जमल्याखेरीज ‘चाचणी यशस्वी’ ही ओळ पुरेशी मानू नकोस. एकही ओळ बदललीस तरी हे तिन्ही पुन्हा कर.